सातवा भाग आणि सातबारा

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार. त्या दिवशी अंतराळात दहा वर्षं टिकलेली शांतता धोक्यात आली आणि मेहकर तालुक्यातल्या आमच्या जानेफळात त्याची दखल घेणारा मी एकटाच निघालो. बाकी गाव सोयाबीनच्या शेंगा फोडून दाणा भरला का ते बघत होतं, आभाळाकडे पाहून त्याच्या मायबापाचा उद्धार करत होतं. आणि पितृपक्ष चालू असल्यामुळे कोणाच्या ना कोणाच्या घरून कढी-वड्यांचा वास येत होता.

शांतता अर्थातच पुस्तकातली. जॉन स्काल्झी नावाच्या अमेरिकन लेखकाची ‘ओल्ड मॅन्स वॉर’ ही मालिका मी वेड लागल्यासारखा वाचत आलो आहे. अंतराळातली फौज, परग्रहांवरच्या माणसांच्या वसाहती, त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेले नाना जातींचे जीव, आणि या सगळ्यांशी लढायला निघालेले म्हातारे. पहिला भाग २००५ साली आला, सहावा २०१५ साली. त्यानंतर लेखकाने बाकी पुष्कळ लिहिलं, पण या मालिकेकडे फिरकला नाही. आणि मग बातमी आली की सातवा येतोय. ‘द शॅटरिंग पीस’.

अशी बातमी वाचली की माणसाला ती कोणाला तरी सांगावीशी वाटते, आणि माझी पंचाईत इथूनच सुरू होते. पुण्या-मुंबईत या मालिकेचे चाहते असतील, ते एकमेकांना गाठून कॉफीही पीत असतील. आमच्या भागातले सगळे चाहते एका मोटारसायकलवर बसवले तरी मागची सीट रिकामी राहील. बायकोला म्हटलं, “सातवा येऊ राह्यला.” ती म्हणाली, “कोणाले?” आमच्याकडे ‘सातवा’ म्हटलं की आधी महिना आठवतो, नंतर वेतन आयोग. हे दोन्ही नाही म्हटल्यावर तिने विषय सोडून दिला आणि गॅसचा नंबर लावला का ते विचारलं.

माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म. पीकविमा, केवायसी, पोलीस भरती, अग्निवीर, हयातीचा दाखला, एसटीचं सवलतीचं कार्ड. शासनाला जनतेकडून जे जे हवं असतं ते माझ्या स्कॅनरखालून जातं. सर्व्हर डाऊन असला की मी वाचतो. सर्व्हरने मला जेवढं वाचू दिलं तेवढं कोणत्याही वाचनालयाने दिलेलं नाही. सहाही भाग मी त्याच्याच कृपेने पुन्हा पुन्हा वाचले. मोबाइलवर मात्र वाचत नाही. दुकानदार मोबाइलमध्ये डोकं घालून बसला की लोकांना तो रमी खेळतोय असं वाटतं, आणि ही बातमी सासुरवाडीपर्यंत जाते. कागदी पुस्तक हातात असलं तर ‘या वयात परीक्षा देऊ राह्यला वाटते’ एवढ्यावरच भागतं. मुखपृष्ठावर अंतराळयान असलं की वर्तमानपत्राचं कव्हर घालतो. त्यात लाजायचं कारण नाही. जयंत नारळीकरांसारख्या खगोलशास्त्रज्ञानेसुद्धा १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटीकडून वाचली की खरा माणूस सापडतो. त्यांना बक्षीस लागलं आणि नाव उघड झालं. मला बक्षीस लागायचं नाही, म्हणून माझं कव्हर अजून आहे.

पुस्तक मागवलं, तर आईची हरकत. “पित्तरं चालू हायेत. या दिवसात नवी वस्तू घरात आनत नायी.” मी बाजू मांडली. म्हटलं, आई, या मालिकेचा मूळ नायक जॉन पेरी हा पंच्याहत्तर वर्षांचा आहे, बायको वारलेली आहे, आणि फौजेत गेल्यावर पृथ्वीवरच्या कायद्याने तो मयत धरला जातो. पितृपक्षात घरात आणायला याच्याहून योग्य पुस्तक नाही. आईने झाऱ्यावरचा वडा निथळत ठेवून थोडा विचार केला आणि विचारलं, “मंग त्याच्या नावानं पान काढा लागते का?”

या मालिकेतली यानं ‘स्किप ड्राइव्ह’ नावाच्या यंत्रावर चालतात. यान अंतर कापत नाही. ते या विश्वातून उठतं आणि जवळजवळ हुबेहूब अशा दुसऱ्या विश्वात जाऊन पडतं. तिथे सगळं जसंच्या तसं असतं, त्यामुळे यानातल्यांना आपण परक्या विश्वात आलोय हे कळतही नाही. सहा भाग वाचूनही हे प्रकरण माझ्या डोक्यात नीट शिरलं नव्हतं; ते माझ्या पार्सलने समजावून सांगितलं. मोबाइलवर संदेश आला, ‘आपले पार्सल जानेफळ येथे पोहोचले आहे.’ मी दुकानाच्या पायरीवर उभा. पार्सलवाला पोरगा समोरून रिकाम्या हाताने गेला. चौकशीअंती कळलं की संदेश शंभर टक्के खरा होता. पार्सल जानेफळलाच पोचलं होतं, पण शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या. तिकडेही जानेफळं आहेत. तिथेही पार असेल, मारुती असेल, सोयाबीन असेल, आभाळाला शिव्या देणारी माणसं असतील. फक्त मी नव्हतो, एवढाच काय तो फरक.

मग ते पार्सल आपल्या विश्वात परत येईपर्यंत मी जी येरझार घातली ती लोकांच्या नजरेत आली. आमच्या गल्लीतले आबा हयातीच्या दाखल्याचं विचारायला आले होते. ते म्हणाले, “काहून असा करू राह्यला बे बाबू? कोनाचा निकाल हाय?”

“पुस्तक यायचं हाय आबा.”

“कायचं?”

आता ताऱ्यांपासून सुरुवात करावी की वसाहतींपासून, या विचारात मी होतो, पण घाईत तोंडातून निघून गेलं, “म्हातारे फौजेत जातात, त्याचं.”

आबांनी काठी भिंतीला लावली आणि बाकावर बूड टेकलं. इतक्या कमी शब्दांत या मालिकेचा प्रचार अमेरिकेतल्या प्रकाशकालाही जमला नसेल.

मी सांगू लागलो. पासष्टाव्या वर्षी अर्ज करून ठेवायचा. पंच्याहत्तरी झाली की फौजेने बोलावायचं आणि अंतराळात न्यायचं. प्रवास फुकट. आबा मान हलवत म्हणाले, “म्हंजे यष्टीसारखंच हाय.”

मी हसणार होतो, पण हिशेब केला तर ते खरंच तसं आहे. आपल्या एसटीत पासष्टपासून अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर प्रवास फुकट. पासष्टला अर्धा, पंच्याहत्तरला पूर्ण. आकडे तंतोतंत तेच. स्काल्झीने हे सतरा वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. विज्ञानकथा भविष्य सांगते म्हणतात ते थापा नाहीत, फक्त खातं चुकतं. आबांनी फरकही लगेच दाखवला. अंतराळात गेलेला म्हातारा परत येत नाही, आणि यष्टी संध्याकाळी मेहकरहून घरी आणून सोडते.

“पन मी पंच्याहत्तरचा कवा होतो?” हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर अंतराळशास्त्रात नव्हतं, आबांच्या आधार कार्डात होतं. त्यावर तारीख होती १ जून. ती असणारच. पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर त्याच्याकडे एकदा बघायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म त्याच शुभदिनी झालेला आहे. अंतराळ फौजेने खरोखर बोलावणं धाडलं तर दोन जूनला पार ओस पडेल. साल तरी खरं कुठे असतं? आबांच्या म्हणण्याप्रमाणे ते ऐंशीचे, कार्डाप्रमाणे त्र्याहत्तरचे. तरुण दिसण्याचे पैसे शहरातल्या बायका ब्यूटी पार्लरला देतात, आबा कंडक्टरला देतात, अर्ध्या तिकिटाचे.

एवढ्यात अग्निवीरच्या फॉर्मसाठी पोरं आली. ही पोरं पहाटे खामगाव रस्त्याला सोळाशे मीटर पळतात. अंधारात पाठोपाठ पावलं वाजत जातात आणि कुत्री त्यांना वेळ लावून भुंकतात. तेव्हाच्या नियमाने साडेसतरा ते एकवीस एवढंच वय, त्यातून निवड झाली तर चार वर्षं, आणि त्यातल्या चारांतल्या एकालाच पुढे ठेवणार. बाविसावं लागलं की विषय संपला. त्यांच्यातला एक परवाच बावीसचा झाला होता आणि आता मित्रांचे फॉर्म भरायला सोबत म्हणून येत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फार सावकाश विचारलं, “म्हंजे दादा, या फौजेसाठी अजून त्रेपन्न वर्षं प्रॅक्टिस करता येते?”

यापुढे रोजच बैठक भरू लागली. पुस्तक आलेलं नव्हतं, पण मागचे सहा भाग माझ्या तोंडपाठ होते. आणि इथे माझी घोर निराशा झाली. मला वाटलं होतं, मी या लोकांना तारे दाखवीन आणि ते तोंडात बोट घालतील. प्रत्यक्षात मी अंतराळ दाखवत होतो आणि ते मला तहसील दाखवत होते.

मी सांगितलं, म्हाताऱ्याचं मन काढून नव्या कोऱ्या, तरण्याबांड शरीरात घालतात. माझी अपेक्षा होती की इथे आत्म्याबद्दल काही निघेल. आमच्याकडे सप्ताहात यावर सात दिवस कीर्तन चालतं. निघालं काय, तर, “अंगठा तोच राह्यते का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांनी साठ वर्षं निंदण-खुरपण केलं त्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्यात; यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून मी त्यांना रोज परत पाठवतो. नव्या शरीराचा अंगठा नवा. आधारशी जुळणार नाही. रेशन बंद, पेन्शन बंद. स्काल्झीने एवढी विश्वं रचली पण ही बाजू त्याच्या नजरेतून सुटली.

शरीर हिरवं असतं, हेही सांगितलं. कातडीत हरितद्रव्य घातलेलं, उन्हातून थोडी ताकद मिळावी म्हणून. शेतकरी माणसं, याचं तरी अप्रूप वाटेल! “हिरवं ठीक हाय,” एकजण म्हणाला, “पन पिवळा मोझॅक आला तं?” त्या वर्षी त्याच्या सोयाबीनवर तो आला होता. त्यानंतर बराच वेळ अंतराळ फौजेवर कोणती फवारणी घ्यावी यावर बोलणं झालं. मी मधे पडलो नाही.

मयत दाखल्याचं प्रकरण सगळ्यात जड गेलं. फौजेत गेला की कायद्याने मेला, हे ऐकून आबा एकदम गंभीर झाले. “मंग पोरं लगोलग वारस लावतीन.” शेजारी बसलेल्या नानांनी विचारलं की दोन वर्षांनी नोकरी आटोपून माणूस परत आला तर फेरफार रद्द होतो का. मी म्हटलं, दोन वर्षं सांगतात पण दहापर्यंत वाढवतात, आणि पृथ्वीवर परत येतच नाहीत. नाना म्हणाले, “तरी एक अर्ज देऊन ठेवा.” जिवंत असल्याचं दरवर्षी लिहून देणाऱ्या माणसांना विज्ञानकथा ऐकवण्यात हा धोका असतो, ती त्यांना कथा वाटत नाही.

नैरोबीचं नाव मी काढायला नको होतं. पहिल्या भागात पृथ्वीवरून थेट अंतराळात नेणारी एक लिफ्ट आहे. अवाढव्य, आकाशात गेलेली, शास्त्रज्ञांनाही कशी उभी राहिली ते न उमगणारी. ती केनियातल्या नैरोबीला आहे. लिफ्टच्या उंचीकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

“नैरोबीले काहून?”

“विषुववृत्ताजवळ आहे म्हणून, आबा.”

“अन् नागपूरले काय झालं? तठी झिरो माइल हाय ना?”

पुढे ऐकून घ्यावं लागलं की प्रकल्प कोणताही असो, तो आधी विदर्भाला मंजूर होतो आणि मग दुसरीकडे जातो. अंतराळाचा अनुशेष तेवढा राहिला होता, तोही या अमेरिकन माणसाने पूर्ण केला.

या सगळ्यात मला समजून घेणारा एकच माणूस भेटला, निवृत्त कंडक्टर काका. वाट पाहणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर गुरुनाथ नाईकांची नवी रहस्यकथा यायची. तिच्यात कॅप्टन दीप असला की काका आधी पुस्तक घ्यायचे, मग घंटी मारायचे. मुक्कामी गाडी, कंदिलाएवढा उजेड, आणि एका रात्रीत एक पुस्तक. त्यांनी माझा खांदा दाबला आणि विचारलं, “मंग, मागचा भाग कवा आलता?”

“दोन हजार पंधरा.”

काकांनी हात काढून घेतला. “दहा वर्षांत एक?”

त्यांचं चुकलं नव्हतं. गुरुनाथ नाईकांच्या नावावर बाराशेच्या वर रहस्यकथा आहेत. त्यांच्या आधी बाबुराव अर्नाळकरांनी हजार ओलांडले होते. ज्या वाचकाचा पिंड अशा लेखकांवर पोसला त्याला स्काल्झी म्हणजे आळशी सरकारी नोकर वाटणार. मी माझ्या लेखकाची बाजू सावरली. म्हटलं, काका, तो बसून नव्हता. २०१५ साली टॉर प्रकाशनाशी त्याचा करार झाला. दहा वर्षांत तेरा पुस्तकं द्यायची आणि चौतीस लाख डॉलर घ्यायचे. यावर आबांचा चेहरा उजळला. “असं सांग ना. साल धरलं त्यानं!”

पाडव्याला साल धरणारा गडी आबांनी जन्मभर पाहिलेला. पण दहा वर्षांचं साल त्यांनी ऐकलं नव्हतं. “उचल घेऊन मधातच पळून नायी गेला?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर लेखक या जातीबद्दल त्यांचा आदर वाढला, तो माझ्याबद्दल मात्र अजून वाढायचा आहे.

काकांना सिनेमाची आशा होती. तेही झालेलं आहे, म्हटलं. २०१७ साली नेटफ्लिक्सने सिनेमाचे हक्क घेतले. “मंग?” मंग काही नाही. काका म्हणाले, “म्हंजे खामगाव–जालना रेल्वे.” इंग्रजांच्या काळापासून या मार्गाची पाहणी चालू आहे, निवेदनं दिली जातात, उपोषणं होतात. मेहकर तालुक्यात अजून रूळ नाही. समृद्धी महामार्गावर मात्र मेहकरजवळून चढता येतं आणि एकशेवीसच्या वेगाने नागपूर गाठता येतं. चढण्यापुरतं वाहन आपलं पाहिजे. सर्वेक्षणावर समाधान मानायची आमची तयारी इतकी चांगली आहे की दहा वर्षं थांबणारा चाहता या मातीत उगवला यात नवल काही नाही.

मला राहून राहून वाटत होतं की हे युद्धाचं वेड यांना परकं आहे. मराठी विज्ञानकथेत फौज क्वचितच येते, आणि आली तरी तिचा ओढा ताऱ्यांकडे नसून पानिपताकडे असतो. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये प्राध्यापक एका अशा जगात जाऊन पडतात जिथे विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही आणि १७६१ मराठ्यांनी जिंकलेलं आहे. ही कथा मी पारावर सांगितली तर तीवर मात्र कोणी कागद मागितला नाही. सगळे काही वेळ गप्प बसले, आणि मग दत्ताजी असता तर, मल्हारराव थांबले असते तर, असं रात्रीपर्यंत चाललं. त्या लढाईचं पुढचं पुस्तक आलं तर आमच्याकडे रांग लागेल.

आकाशातून येणाऱ्या हल्ल्याचं वर्णन करताना मी असाच रंगात आलो होतो, तेव्हा आबांनी मला थांबवलं. “लोनार पाह्यलं ना?” पाहिलं होतंच, मेहकरच्या पलीकडे तर आहे. काळ्या बसाल्टात उल्का आदळून झालेलं, जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर, आत खारं पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळा देश बघायला लागला होता. त्याच वर्षी त्याला रामसरचा दर्जा मिळाला. पण आबांचं शास्त्र वेगळं होतं. जमिनीखाली दडून बसलेला लवणासुर, त्याच्या बिळावरचं झाकण उडवून खाली उतरलेला विष्णू, आणि तिथलं दैत्यसूदनाचं देऊळ. भूमिगत शत्रू, वरून मारा, एकाच घावात मोहीम फत्ते, आणि पुरावा जागेवर. “आपल्या जिल्ह्यावर एकदा पडलं हाय,” आबा म्हणाले. “आता दुसरीकडं पडू दे.”

शेवटी पार्सल आलं. जालना जिल्ह्यातल्या त्या विश्वातून फिरून आल्यामुळे एक कोपरा चेमटला होता. मी शटर अर्धं ओढलं, सर्व्हर डाऊन असल्याची पाटी लावली (सर्व्हर त्या दिवशी नेमका चालू होता) आणि बसलो. ते सुख मी इथे सांगणार नाही. दहा वर्षं ज्यांच्यापासून दूर होतो त्या माणसांची नावं पहिल्या पानांवर दिसली की काय होतं, ते ज्याला होतं त्यालाच कळतं. बाकीच्यांना ते पोटात दुखल्यासारखं दिसतं, आणि बायकोने खरोखरच ओवा आणून दिला.

संध्याकाळी सगळे हजर. पुस्तकाचं वजन करून झालं. किंमत विचारली, मी निम्मी सांगितली, तरीही हळहळ व्यक्त झाली. मग कथा. या भागाची नायिका ग्रेचेन ट्रुहियो ही सेनापती वगैरे नाही. परराष्ट्र खात्यातल्या एका बिनमहत्त्वाच्या कार्यालयातली मधल्या फळीतली अधिकारी आहे, आणि माणसं अन् परग्रहवासी यांच्यातलं सगळं प्रकरण तिच्यावर येऊन पडतं. मला हे फार कल्पक वाटलं होतं. पारावर कोणालाच वाटलं नाही. नाना म्हणाले, “काम त्याच टेबलावर अडते. सायबाची फक्त सही असते.” आणि कॉन्सू? विश्वातले सगळ्यात प्रगत जीव, माणसाला मुंगीइतकंही न मोजणारे. आता त्यांच्यातच यादवी पेटू पाहते आणि बाकीचे सगळे त्यात ओढले जातात. मी आवाज खाली आणून हे सांगितलं. काकांनी जांभई आवरत विचारलं, “भाऊबंदकी म्हन ना. बांधावरून हाय का आईच्या नावच्या वावरावरून?”

ती बैठक तिथेच मोडली असती, पण बावीस वर्षांच्या त्या पोराने एक प्रश्न काढला. “दादा, यात आपल्याइकडले लोक नायीत का? सगळे अमेरिकेचेच बुढे?”

ही गोष्ट मी इतके दिवस सांगितली नव्हती, कारण तिने सगळ्यांची भरतीची हौस मोडली असती. पंच्याहत्तरीत फौजेत जायची अट श्रीमंत देशांतल्या लोकांना आहे. त्यांना ताऱ्यांकडे जायचा दुसरा रस्ताच नाही. भारतासारख्या देशातल्या माणसाला फौजेत जायची गरज नाही. तो सरळ वसाहतीत राहायला जाऊ शकतो. नवा ग्रह, मोकळी जमीन, घर बांधा, पेरा, खा.

पारावर शांतता पसरली. इतके दिवस म्हातारे, फौज, तारे, हिरवी अंगं, कशानेही न झालेली गोष्ट झाली. सगळे पुढे सरकले.

“वावर किती भेटते?” आबांनी विचारलं.

“सातबारा कोनाच्या नावानं निंगते?” नाना.

“वर्ग दोनची तं नायी ना? नायीतं विकता येत नायी.”

“पानी हाय का? काळी हाय का बरड?”

“पांदन रस्ता?”

पोराचा प्रश्न वेगळा होता. तिकडे स्वतःचं वावर असलं तर पोरगी देतात का, की तिकडेही नोकरीवालाच लागतो? मी म्हटलं, पुस्तकात त्याबद्दल स्पष्ट नाही. त्याने सुस्कारा टाकला. म्हणजे तिकडेही तसंच.

मी त्यांना धोकाही सांगितला. फॅनच्या इमानाला जागून सांगितलंच पाहिजे होतं. वसाहती एकट्या पडलेल्या असतात. ऱ्राए नावाचे जीव येतात, वसाहतीवर तुटून पडतात, आणि माणसाचं मांस त्यांना आवडतं. म्हणून तर फौज लागते. आता तरी हे घाबरतील, निदान एखाद्याच्या अंगावर काटा येईल, या आशेने मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“रातीचे येतात का दिवसा?” आबांनी विचारलं.

“कधीही.”

“कळपानं?”

“बहुतेक कळपानेच.”

“म्हंजे रोह्यायसारखं,” आबा नानांना म्हणाले. “रोही येतात, डुकरं येतात, हे एक तिसरं. मंग जागल करा लागन.”

आणि अंतराळाच्या संरक्षणाची व्यवस्था माझ्यासमोर, पाच मिनिटांत लागली. मचाण कुठे बांधायचं, तारेच्या कुंपणाला अनुदान आहे का, झटका मशीन सौरऊर्जेवर चालेल का, तिकडे सूर्य दोन असतील तर दुप्पट चालेल का. काकांना मानाची पहाटेची पाळी हवी होती, जन्मभर पहिली गाडी काढल्यामुळे त्या वेळी जाग येतेच. नानांचे गुडघे दुखतात, त्यांना दिवसाची राखण. बावीसवाल्या पोराला दोन रात्री, कारण तो पळू शकतो. शासनाची फौज येईल तेव्हा येईल. पंचनाम्याला तरी कोण वेळेवर येतं?

“अन् पैली रात?” कोणीतरी विचारलं.

आबांनी माझ्या हातातल्या, बोट घालून धरलेल्या पुस्तकाकडे बघितलं.

“हा तसाबी रातभर वाचत असते. पैली पाळी याची,” ते म्हणाले. “बाबू, बॅटरी चार्ज करून आन जो. फटाक्यायचं आम्ही पाहतो.”